उड्डाणानंतर इंजिन निकामी होणे (प्रवासी विमाने)

प्रवासी विमान धावपट्टी सोडून वर चढत असताना एक इंजिन निकामी झाले, तर ते सांभाळण्याची वैमानिकांची ठरलेली पद्धत. दोन इंजिनांचे विमान उरलेल्या एकावर चढू शकेल असेच बांधलेले असते. चाके मिटल्यावर त्याला किमान २.४ टक्के चढ, म्हणजे १०० मीटर अंतरात २.४ मीटर उंची, गाठता आलीच पाहिजे. हा चढ तुटपुंजा दिसतो, पण पुरतो.

थांबायचे की उडायचे, हे धावपट्टीवरच ठरते. वजन, वारा, तापमान आणि धावपट्टीची लांबी पाहून ‘व्ही-वन’ हा वेग आधीच काढलेला असतो. तो गाठताच कप्तान थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढून घेतो. त्यानंतर बिघाड झाला तरी उडायचेच.

हवेत विमानाचे नाक बंद इंजिनाकडे ओढले जाते. वैमानिक चालू इंजिनाच्या बाजूचे रडर (शेपटीवरचे सुकाणू) पेडल दाबून ते सरळ करतो, चाके वर घेतली जातात आणि ‘व्ही-टू’ हा सुरक्षित चढाईचा वेग राखला जातो. किमान ४०० फुटांपर्यंत दुसरे काहीही करायचे नाही, आणि या पद्धतीचे खरे मर्म या थांबण्यातच आहे. मग कोणते इंजिन गेले हे एकाने बोलायचे, दुसऱ्याने उपकरणे पाहून दुजोरा द्यायचा आणि त्यानंतरच थ्रॉटलला हात लावायचा. सिम्युलेटरमध्ये याचा सराव पुन्हा पुन्हा घेतात.

हा दुजोरा राहून गेला तर काय होते, ते ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेईत दिसले. ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२-६०० विमानाने सोंगशान विमानतळावरून उड्डाण केले आणि चढताना सदोष जोडणीमुळे उजव्या इंजिनाच्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला समांतर वळली. त्या बाजूचा जोर गेला. डावे इंजिन ठणठणीत होते. इशारा वाजल्यावर काही सेकंदांतच कप्तानाने त्याच डाव्या इंजिनाचा थ्रॉटल मागे ओढला आणि पुढे ते बंदही केले. चूक लक्षात आल्यावर ते पुन्हा सुरू करण्यात आले, पण तोवर उंची उरली नव्हती. विमान उड्डाणपुलाला घासून कीलुंग नदीत कोसळले. ५८ जणांपैकी ४३ दगावले.