भ्रूण आणि भ्रूणमूलपेशी: सगळा घोळ वारेपाशी

मराठीत मूलपेशींबद्दल, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनवू शकणाऱ्या स्टेम सेल्सबद्दल, काही वाचायला घेतलं की तिसऱ्या-चौथ्या ओळीत 'सर्वक्षम' हा शब्द येतो आणि माझं डोकं उठतं. टोटिपोटंट म्हणजे सर्वक्षम. दोन परिच्छेद पुढे गेलं की प्लुरिपोटंट म्हणजेही सर्वक्षमच. मग भ्रूण आणि भ्रूणमूलपेशी या एकाच गोष्टीची दोन नावं आहेत असं वाचकाला वाटलं, तर त्याला काय बोल लावणार? 'या पेशीपासून आख्खा जीव तयार होतो' हे वाक्य तर इतक्या ठिकाणी छापून आलंय की ते खोडत बसायचा कंटाळा आलाय. तरी एकदा बसतोच.

भ्रूण तुम्हाला माहीत आहे. एकाच्या दोन पेशी, दोनाच्या चार, हे शाळेत झालंय. उंदरात साधारण साडेतीन दिवसांनी आणि माणसात पाचव्या-सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट तयार होतो, एवढं लक्षात असलं की पुरे. पाण्याने भरलेला बारीक फुगा आणि त्याच्या आत एका बाजूला चिकटलेला पेशींचा पुंजका. हा आतला पुंजका काढून प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवला की भ्रूणमूलपेशी मिळतात. उंदराच्या अशा पेशी १९८१मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी आणि अमेरिकेत गेल मार्टिन यांनी वेगवेगळ्या वाढवल्या. माणसाच्या पेशींना १९९८ उजाडलं.

आता फुग्याची भिंत. तिचं पुढे काय होतं, हे कोणी सांगत नाही. तिथेच सगळे अडखळतात.

भिंतीच्या पेशी गर्भाशयाच्या अस्तरात रुततात आणि त्यांच्यापासून वार बनायला लागते. इथे आपल्या भाषेतलाच एक घोळ आधी निस्तरायला हवा. आपण नाळ आणि वार सरसकट एकच धरतो. बाळंतपण करणाऱ्या बाईला विचारा. बाळ बाहेर आल्यावर ती 'वार पडली का?' असं विचारते, 'नाळ पडली का?' असं नाही, कारण बाळाची नाळ पडते ती काही दिवसांनी, बेंबीपाशी सुकून. नाळ म्हणजे दोर, आणि तो दोर दुसऱ्या टोकाला ज्या मांसल चकतीला जोडलेला असतो ती वार. हा फरक इथे नुसता शब्दांचा नाही. नाळ आतल्या पुंजक्याच्या वंशातली. वारेतून खेळणाऱ्या बाळाच्या रक्तवाहिन्याही त्याच वंशातल्या. पण गर्भाशयात घुसून आईच्या रक्ताशी देवघेव करणारा वारेचा थर मात्र बाहेरच्या भिंतीचा.

टोटिपोटंट पेशी बाळही बनवते आणि वारेचा हा थरही. प्लुरिपोटंट पेशी बाळाच्या शरीरातली कुठलीही पेशी बनवेल, हाडाची, मेंदूची, अगदी अंड्याची किंवा शुक्राणूचीसुद्धा, पण हा थर बनवणार नाही. भ्रूणमूलपेशी दुसऱ्या जातीची. वर्गात शिकवताना टोटिपोटंट वर आणि प्लुरिपोटंट खाली असा मनोरा काढतात, तो मला अजिबात पटत नाही. त्यातून वाटतं की एक जास्त ताकदवान आणि दुसरी जरा कमी. मुद्दा ताकदीचा नाहीच. भ्रूणात एका फांदीला दोन फाटे फुटले आणि ही पेशी त्यातल्या एका फाट्यावर बसली, इतकंच.

हे कोणाच्या कामातून नीट दिसत असेल, तर जॅनेट रॉसंट यांच्या. जन्म १९५०चा, इंग्लंडमधला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला शिक्षण, १९७७पासून कॅनडात, १९८५पासून टोरांटोत. त्यांच्यावर लिहिताना लोक 'मूलपेशी संशोधक' म्हणतात आणि मोकळे होतात. मला विचाराल तर त्या फुग्याच्या भिंतीच्या संशोधक.

१९८०च्या सुमाराचा त्यांचा प्रयोग घ्या. आशियातल्या भातखाचरांत मुस कॅरोली नावाचा उंदीर असतो, प्रयोगशाळेतल्या उंदराचा चुलतभाऊ. त्याचा भ्रूण प्रयोगशाळेतल्या उंदरिणीच्या पोटात ठेवला तर दिवस भरत नाहीत, मध्येच मरतो. रॉसंट आणि विल्यम फ्रेल्स यांनी दोन्ही जातींच्या पेशी एकाच भ्रूणात मिसळल्या आणि जिवंत, मिश्र पिल्लं जन्माला आली. पुढच्या प्रयोगांतून कळलं की निकाल बाहेरची भिंत कोणाची आहे यावर ठरतो. भिंत उंदरिणीच्या जातीची असेल तर आत परका पाहुणा असला तरी चालतो. भिंत परकी असेल तर चालत नाही.

दुसरा प्रयोग १९९३चा, आंद्रास नॉज यांच्यासोबतचा. घोळ घालणाऱ्या प्रत्येकाला मी हाच सांगतो. दोन पेशींच्या अवस्थेतला उंदराचा भ्रूण घ्यायचा आणि विजेचा बारीकसा झटका देऊन त्या दोन पेशी एकमेकींत विरघळवायच्या. गुणसूत्रं दुप्पट होतात, चाळीसची ऐंशी. असा भ्रूण वार व्यवस्थित बनवतो, पिल्लू मात्र त्याच्याच्याने होत नाही. आता त्याला बशीतल्या भ्रूणमूलपेशींची जोड द्यायची. यांचं बरोबर उलटं, पिल्लू बनवतील पण वारेची भिंत नाही. जोडी उंदरिणीच्या पोटात ठेवली आणि पिल्लं जन्मली. त्यांचं अख्खं शरीर बशीत वाढलेल्या पेशींचं होतं.

वर्तमानपत्री मेंदू इथेच घसरतो. 'बघा, मूलपेशींपासून आख्खा उंदीर झालाच की!' झाला, पण वार दुसऱ्याकडून उसनी घेऊन. त्याच पेशी एकट्या गर्भाशयात सोडा, पिल्लू होणार नाही. कातडीखाली टोचल्या तर कूर्चा, आतड्याचं अस्तर, चेतापेशी अशी खिचडी असलेली गाठ होईल. ती गाठ म्हणजे पिल्लू नव्हे.

मग भिंतीला स्वतःच्या मूलपेशी असतात का? असतात. १९९८मध्ये सातोशी तनाका, रॉसंट आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या भिंतीतून त्या वाढवल्या. त्यांना ट्रोफोब्लास्ट मूलपेशी म्हणतात. भ्रूणात सोडल्या की त्या इमानदारीत वारेकडेच जातात, पिल्लाच्या अंगात शिरत नाहीत. आतल्या पुंजक्यातही पुढे आणखी एक फाटा फुटतो, पीतक पिशवीचा (योक सॅक). त्याच्याही वेगळ्या पेशी मिळाल्या, पण तो तपशील आजचा नाही.

म्हणूनच 'शास्त्रज्ञांनी मूलपेशींपासून भ्रूण बनवला' असा मथळा दिसला की मी आधी एकच शोधतो: कुठल्या मूलपेशी? २०१८मध्ये निकोला रिव्हरोन यांच्या गटाने उंदराचा ब्लास्टोसिस्टसारखा गोळा बनवला, तो भ्रूणमूलपेशी आणि ट्रोफोब्लास्ट मूलपेशी अशा दोन्ही एकत्र ठेवून. गर्भाशयात त्याने अस्तरात हालचाल सुरू केली, पण पुढे भ्रूण वाढला नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वरचे नियम उंदराचे आहेत. माणसाच्या भ्रूणमूलपेशी या बाबतीत तेवढ्या कडक नाहीत. त्यांतल्या अगदी सुरुवातीच्या अवस्थेत राखलेल्या पेशींना योग्य रसायनं दिली तर त्या भिंतीच्या पेशींकडेही वळतात. उंदराचं जसंच्या तसं माणसाला चिकटवणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो.

बाकीचे फरक किरकोळ. जपानी शास्त्रज्ञ शिन्या यामानाका यांच्या आयपीएस पेशी, म्हणजे पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या पेशी मागे वळवून केलेल्या, याही प्लुरिपोटंटच. नाळेच्या रक्तातल्या मूलपेशी यातल्या कशातच बसत नाहीत, त्या मुख्यतः रक्त बनवतात. त्यांची जाहिरात करताना भ्रूणमूलपेशींची चित्रं वापरणाऱ्यांना काय म्हणावं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परवा मावसबहिणीने टेस्ट ट्यूबच्या केंद्रातल्या रिपोर्टचा फोटो पाठवला. पाचव्या दिवसाचा भ्रूण, ग्रेड '४एबी'. खाली तिचा प्रश्न, "दादा, एक अक्षर ए आणि एक बी म्हणजे बाळात काही कमी आहे का रे?" मी कळवलं की चारचा आकडा फुगा किती फुललाय त्याचा, पहिलं अक्षर आतल्या पुंजक्याचं आणि दुसरं भिंतीचं. म्हणजे ए बाळाकडच्या पेशींना आणि बी वारेकडच्या. भिंतही महत्त्वाची असते, तेव्हा बीबद्दल काय ते डॉक्टरांनाच विचार. थोड्या वेळाने तिचं उत्तर आलं, "म्हणजे वारेलाही मार्क देतात होय!"