द्विनेत्री स्पर्धा

दोन डोळ्यांपुढे एकाच वेळी परस्परांशी न जुळणारी चित्रे आली, की मेंदू त्यांची सरमिसळ न करता आळीपाळीने एकेक चित्र जाणिवेत आणतो. या घटनेस द्विनेत्री स्पर्धा म्हणतात. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांत साधारण ६ ते ६.५ सेंमी. अंतर असल्यामुळे दोन्ही डोळ्यांतील प्रतिमा नेहमीच किंचित वेगळ्या असतात आणि तेवढ्या फरकातून मेंदू खोलीचे, म्हणजे वस्तू किती जवळ वा दूर आहे याचे, भान मिळवतो. फरक फार वाढला, तर मात्र प्रतिमा एकजीव होत नाहीत.

इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये एका डोळ्याला ‘एस’ व दुसऱ्याला ‘ए’ ही रोमन अक्षरे दाखवली, तेव्हा ती आळीपाळीने दिसली आणि बदलाच्या क्षणी तुकड्यातुकड्यांनी फुटली. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील वाचकाच्या नजरेला दोन लिप्या रोजच्याच. त्याने एका डोळ्यापुढे देवनागरी ‘क’ आणि दुसऱ्यापुढे कन्नड ‘क’ धरला, तरी उच्चार एक म्हणून अक्षरे एक होत नाहीत. दर काही सेकंदांनी पाळी बदलते. मनात आणले तरी एकच अक्षर कायम धरून ठेवता येत नाही.

वर्तमानपत्राची सुरळी करून उजव्या डोळ्याला लावावी, तिच्याशेजारी डावा तळवा धरावा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बेळगावजवळच्या येळ्ळूरहून राजहंसगडाकडे पाहावे : तळव्याला गोल भोक पडून त्यात गड उभा दिसतो. येथे ठळक, दूरच्या दृश्याने तळव्याचा तेवढाच भाग दडपलेला असतो.

डच मानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९६५ मध्ये दाखवलेली गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. एका डोळ्यापुढील चित्र ठळक केले, तर ते टिकण्याचा अवधी फारसा वाढत नाही. दुसऱ्या चित्राचा मात्र घटतो. माकडांवरील प्रयोगांत मेंदूच्या प्राथमिक दृष्टिक्षेत्रातील (डोळ्यांकडची माहिती मेंदूच्या बाह्यकात प्रथम पोहोचते त्या भागातील) थोड्याच पेशींची क्रिया दिसणाऱ्या चित्राबरोबर बदलली, तर शंखखंडातील (कानशिलाकडच्या भागातील) बहुतेक सर्व पेशींची बदलली.

तिरळ्या मुलांत हेच दडपण कायमचे होऊन बसू शकते. दुहेरी दिसू नये म्हणून मेंदू वळलेल्या डोळ्याची प्रतिमा सतत बाजूला सारतो आणि वाढत्या वयात त्या डोळ्याची दृष्टी मंदावते. म्हणून तिरळेपणा शुभ मानून किंवा ‘मोठेपणी जाईल’ म्हणून सोडून देणे घातक आहे. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हे उपचार लहान वयातच सर्वाधिक गुणकारी ठरतात. घरी एक खूण ओळखता येते : मंद डोळा झाकला तर मूल खेळत राहते, चांगला झाकला की आईचा हात ढकलते.