घर विकायचंय? वकील, एजंट, सीए कोणाला कशासाठी धरायचं आणि कागद कोणते लागतात

जळगाव असो, धुळे असो नाहीतर आमचं अमळनेर, घर विकायचं ठरलं की पहिला फोन जातो एजंटला. भो, पहिला फोन वकिलाला करा. एजंटचं काम गिऱ्हाईक आणायचं, कागद साफ आहेत का हे तो बघत नाही, आणि पार्टी दारात आल्यावर खोट निघाली की भाव पडलाच समजा.

आमचं तसंच झालं. आजोबांचं धाब्याचं घर, एजंटने पंधरा दिवसात पार्टी आणली, टोकन घेतलं, आणि मग मालमत्ता पत्रक, म्हणजे घर कोणाच्या नावावर आहे ते दाखवणारा सरकारी उतारा, काढलं तर त्यावर आजोबांचंच नाव. ते जाऊन वीस वर्षं झालेली. घरपट्टीची पावती वडिलांच्या नावाने यायची म्हणून आम्ही निश्चिंत होतो, पण ती पावती म्हणजे कर भरल्याचा पुरावा, मालकीचा नाही. दोन्ही आत्या वारस, त्यातली एक सुरतला उधन्यात. टोकन परत केलं आणि मग वारस नोंदीच्या, म्हणजे वारसांची नावं सरकारी कागदावर चढवायच्या, मागे लागलो.

म्हणून विकायचा हक्क कोणाला आहे ते आधी बघा. कागदावर जेवढी नावं तेवढ्यांच्या सह्या लागतात, बहिणींच्या सुद्धा. बहीण हक्क सोडत असेल तर हक्कसोडपत्र रजिस्टर पाहिजे, साध्या स्टॅम्पवर लिहून दिलेलं चालत नाही. अज्ञान (18 वर्षांखालच्या) मुलाच्या स्वतःच्या नावावर हिस्सा असेल तर कोर्टाची परवानगी लागते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारी अटींवर मिळालेली जमीन) लिहिलेलं असेल, किंवा नंदुरबार, शिरपूर, चोपडा भागात जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊच नका.

कागद म्हणाल तर शहरात सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रक, लेआउटमधला प्लॉट असेल तर सातबारा, एनए (बिगरशेती) ऑर्डर आणि मंजूर नकाशा, खेड्यात ग्रामपंचायतीचा नमुना 8 (घरपट्टी आकारणीचा उतारा). स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाण मोजलेलं असेल तर तिथलंही मालमत्ता पत्रक मिळतं, ते नक्की काढा. सोबत तुमचं जुनं खरेदीखत, इंडेक्स 2 (नोंदलेल्या दस्ताचा उतारा), घरपट्टी आणि वीजबिलाची चालू पावती, कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत, फ्लॅट असेल तर सोसायटीचं. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या आणि बोज्याच्या जुन्या नोंदींची तपासणी) आधीच करून ठेवा. घेणाऱ्याचा वकील तो करणारच आहे, तुम्हाला आधी माहीत असलेलं बरं.

आता एजंट. महारेराची (बिल्डर आणि एजंटांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) एजंट नोंदणी कायद्याने लागते ती बिल्डरच्या नोंदणी झालेल्या प्रोजेक्टमधली विक्री करून देणाऱ्याला. तुमच्या जुन्या घराच्या विक्रीला ती सक्तीची नाही, तरी नोंदणीवाला मिळाला तर बघा, नंबर महारेराच्या साईटवर तपासता येतो. दलाली साधारण एक-दोन टक्के बोलतात, पण ती टक्केवारी, कोण देणार, कधी देणार आणि सौदा मोडला तर काय, हे सगळं लेखी घ्या. ओरिजिनल कागद त्याच्याकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. आणि सौदा पावतीचे (सौदा ठरल्यावर लिहितात त्या कराराच्या वेळचे) पैसे एजंटच्या नाही, तुमच्याच खात्यात आले पाहिजेत. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याच्या वर रोख घेता येत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा बसू शकतो.

सीएला लोक विसरतात आणि मार्चमध्ये धावतात. सौदा पावतीच्या आधीच भेटा. घर 24 महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेलं असेल तर नफा लाँग टर्म धरतात, वारशाच्या घरात आजोबांचा काळही मोजतात. 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या घराच्या नफ्यावर टॅक्स इंडेक्सेशनशिवाय (म्हणजे खरेदी किंमत महागाईप्रमाणे न वाढवता) 12.5 टक्के किंवा इंडेक्सेशनसह 20 टक्के, जे कमी पडेल ते. घर 2001 च्या आधीचं असेल तर खरेदी किंमत म्हणून 1 एप्रिल 2001 ची किंमत धरता येते, त्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा (किंमत ठरवणाऱ्याचा) रिपोर्ट लागतो, आमच्या केसमध्ये त्यानेच बराच टॅक्स वाचला. व्यवहार 50 लाख किंवा वर असेल तर घेणारा 1 टक्का टीडीएस (तुमच्या नावाने आधीच भरायचा टॅक्स) कापतो, त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या.

शेवटी दुय्यम निबंधक कार्यालय. दस्ताची माहिती आधी ऑनलाइन भरतात, स्टॅम्प ड्युटीचं चलन ग्रासवर (सरकारी पैसे ऑनलाइन भरायची साईट) निघतं, हा खर्च बहुतेक घेणाराच करतो. सह्या झाल्यापासून 4 महिन्यांत दस्त नोंदवायचा असतो. आधार, पॅन आणि ओळख देणारे दोन जण सोबत न्या. आमची सुरतची आत्या गाडीने सकाळी आली, भांडी घासून घासून बोटांच्या रेषा गेलेल्या, मशीनवर अंगठाच उठेना, ओल्या रुमालाने पुसून पाचव्यांदा उठला. घरात म्हातारं माणूस असेल तर वेळ हातात ठेवून जा, आणि वकिलाला त्या दिवशी तिथे हजर राहायला सांगा, ती फी आधीच ठरवून घ्या. बाकी रक्कम खात्यात जमा झालेली बघूनच सही करा. चावी आणि दलाली त्यानंतर.