बेळगाव, निपाणी, चंदगड : कुणाचा बाजार कुठे

चंदगड महाराष्ट्रात, पण बाजार बेळगावचा. निपाणी कर्नाटकात, पण लग्नाचा बस्ता बांधायला तिथले बरेच जण कोल्हापूर गाठतात. मोठ्या शहराभोवतीची गावं कुणाकडे ओढली जातात हे, मुलांनो, नकाशातल्या रेघेवरून कळत नाही. सकाळची एसटी कुठल्या दिशेला भरून जाते ते बघा.

लष्करी छावणीने आणि १८८० च्या दशकात आलेल्या रेल्वेने बेळगाव वाढलं. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यातच होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात गेला, चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि कोल्हापूरला जोडला गेला. तेव्हापासून कचेरीच्या कामाला कोल्हापूर, म्हणजे बेळगावच्या दुपटीहून लांब. रताळी मात्र बेळगावच्याच मार्केट यार्डात. पोती उतरवायची, सौदा निघाला की अडत्याकडून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, पट्टी (विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी) आणि पैसे घ्यायचे आणि त्याच पैशातून वह्या, औषधं, तेल घेऊन संध्याकाळच्या गाडीने घरी यायचं.

खरा घोळ पुढे झाला. दोन्ही राज्यांतला सीमेचा वाद सोडवायला १९६६ साली केंद्राने एका सदस्याचा आयोग नेमला. त्याने पुढच्या वर्षी सांगितलं की, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावं. निपाणी, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत आणि २४७ म्हैसूरला. म्हैसूरने अहवाल उचलून धरला, महाराष्ट्राने फेटाळला. खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा धरून सीमा ठरवा, ही आपली मागणी, ती रास्तच. पण अहवालातली एक गोष्ट भाषेचा वाद बाजूला ठेवला तरी खटकते. खानापूर ते बेळगाव जेमतेम पंचवीसेक किलोमीटर. बेळगाव तिकडे आणि खानापूर इकडे, म्हणजे गाय ठेवून वासरू तेवढं देण्यासारखं. खानापूरचा भाजीवाला, कॉलेजचा पोरगा, दवाखान्यात निघालेली म्हातारी, सगळ्यांना रोज दुसऱ्या राज्यात जावं लागलं असतं.

अहवाल अमलात आला नाही. २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मधल्या काळात सीमेलगत महाराष्ट्राच्या हद्दीत, शिनोळीला, कारखाने उभे राहिले. तिथे बेळगाव तालुक्यातले कामगारही जातात. तणाव वाढला की आधी बसगाड्या थांबतात, २०२२ च्या डिसेंबरातही थांबल्या. अशा वेळी वडापवाल्यांची, म्हणजे खासगी जीपमधून प्रवासी नेणाऱ्यांची, चलती असते.