टाकी रात्रीतून उतरते? मिस्त्री यायच्या आधी एवढं करून ठेवा

नमस्कार. मार्च लागला की दुकानात रोज तोच फोन येतो, "काल रात्री टाकी फुल्ल होती अन् सकाळी अर्धी, पाणी जातंय कुठं?" म्हणून हे एकदाच नीट लिहून काढलंय, वाचून मोटारीच्या बटनाजवळ चिकटवून ठेवा.

आधी पैशाचं बोलू. लोक म्हणतात नळपट्टी तर वर्षाची ठोक येते, मग पाणी वाचवून बिल कसं कमी होणार? तर आपल्याकडं खरा खर्च टँकरचा अन् मोटारीच्या लाईटचा. एक एचपीची मोटार तासाला पाऊण ते एक युनिट खाते. महावितरणचा स्वस्त दर पहिल्या 100 युनिटपर्यंतच, त्याच्या पुढं दर बराच वाढतो, म्हणजे पंखे-फ्रीज-कूलरनंच शंभरी ओलांडली असेल तर मोटारीचं प्रत्येक युनिट महागातच पडतं. हौदातून वर चढवायला तसा फार वेळ लागत नाही, पण उन्हाळ्यात बोअरची धार करंगळीएवढी झाली की तीच टाकी भरायला तास तास जातात.

आता मुख्य गोष्ट, कारण आमचा अन् तुमचा सगळा वेळ इथंच जातो. आम्ही सकाळी दहाला पोचतो तोवर घरच्यांनी सातलाच मोटार लावून टाकी गच्च भरलेली असते. मिस्त्री येणार, पाणी लागंल, म्हणून चांगल्या मनानंच भरतात, पण रात्रभरात टाकी किती उतरली हीच तर एक खूण होती अन् ती पाण्याखाली गेली. मग आम्ही प्रत्येक नळ, प्रत्येक जोड बघत हिंडायचं, खाली कपडे-भांडी चालूच, अर्धा दिवस जातो आणि संध्याकाळी तुम्ही म्हणता काहीच सापडलं नाही. म्हणून हात जोडून सांगतो, तपासणीच्या दिवशी सकाळी मोटार लावू नका, वापरायला दोन बादल्या रात्रीच भरून ठेवा.

टेस्ट सोपी आहे. झोपायच्या आधी सगळे नळ बंद करा, आरओचा कॉक बंद करा, कूलर भरून घेऊन त्याची पाईप बंद करा. टाकीत एक लांब काठी उभी टेकवून पाणी जिथवर आलं तिथं पेननं खूण करा, खडूनं नको, खडू पुसून जातो. रात्री कुणी फ्लश करू नका, बादलीनं पाणी टाका. सकाळी परत तीच काठी त्याच जागी लावा. हजार लिटरच्या उभ्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साधारण आठ-नऊ लिटर. पाणी उतरलं असेल तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा वॉल्व्ह बंद करून हेच करा. तरी उतरलं तर टाकीच गळतेय, नाही उतरलं तर गळती खाली लाईनमध्ये नाही तर फ्लशमध्ये.

अन् बहुतेक वेळा फ्लशच निघतो. आपलं बोअरचं पाणी जड, त्यातला पांढरा क्षार वॉशरच्या खाली बसतो, वॉशर नीट टेकत नाही, अन् पाणी आवाज न करता भांड्याच्या मागच्या बाजूनं सरकत राहतं. डोळ्याला दिसत नाही. फ्लशच्या टाकीत जिलबीत घालतात तो खायचा रंग चिमूटभर टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला की समजायचं. एका ताईंच्या घरी आम्ही असंच केलं, रात्रीत 12 सेंटिमीटर उतरत होतं. म्हणजे आठ तासांत शंभर लिटर, दिवसाला तीनशे, महिन्याला नऊ हजार, सहा हजारी टँकर धरला तर दीड टँकर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा पहिल्या गाडीत दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर होतं. हा एक वॉशर वर्षाला तसल्या दोन वाघिणी गटारीत सोडत होता. ते दिवस आपण सगळ्यांनी बघितलेत, घागरीसाठी रात्र रात्र नंबर लावलेत, म्हणून एवढं पोटतिडकीनं सांगतोय.

क्षार निघावा म्हणून फ्लशच्या टाकीत ॲसिड ओतू नका, रबर जातं अन् गळती वाढते. पाणी वाचवायला आत वीट ठेवतात तेही नको, विटेची माती सुटून वॉशरमध्येच अडकते. एक लिटरची बाटली पाणी भरून, बूच लावून ठेवा, फक्त दांड्याला अडकू देऊ नका. जुनं दहा-बारा लिटरचं फ्लश असेल तर दोन बटनांचं बसवून घेतलेलं बरं, त्यात तीन किंवा सहा लिटरच जातं.

नळाला जाळी बसवली की धार तेवढीच वाटते पण पाणी निम्म्याच्या आसपास येतं. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला वापरा, झाडांना रोज नको.

व्हिजिटचे पैसे का घेता असं काही जण विचारतात. गळती शोधणं हेच खरं काम आहे, वॉशर बदलायला दहा मिनिटं लागतात. काम आमच्याकडून केलं तर व्हिजिटचे पैसे बिलातून वजा करतो. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करतो तो बॉल कॉक, त्यातला स्वस्त प्लास्टिकचा आम्ही ठेवतच नाही, जड पाण्यात तो टिकत नाही, अन् मग ओव्हरफ्लो होऊन गच्चीवरून पाणी रस्त्यावर येतं. पितळी थोडा महाग आहे, बसवून देतो. मोटार आपोआप बंद करणारा सेन्सरही आहे, त्यात हौद रिकामा झाला तर मोटार जळत नाही, दुकानात चालू करून दाखवू.

फोन करताना एवढंच सांगा, रात्रीची खूण अन् सकाळची खूण यात किती सेंटिमीटरचा फरक पडला, वॉल्व्ह उघडा होता का बंद, आणि फ्लशमध्ये रंग उतरला का. त्या हिशोबानं मिस्त्री सामान घेऊनच निघंल.