सातारा-सांगलीकडून फाल्गुनात ग्लायडर उडवायला जायचंय? वय, कागदपत्रं, मेडिकल आणि रस्ता

आधी एक घोळ मिटवू. पाचगणीला कापडी पंख पाठीला बांधून डोंगराच्या कडेवरनं निघतात ते पॅराग्लायडिंग. इथं लिहितोय ते ग्लायडरबद्दल, म्हणजे इंजिन नसलेलं पण बाकी खरंखुरं विमान, लांबच लांब पंख, काचेचं झाकण असलेलं कॉकपिट, हातात स्टिक, पायाखाली रडर. दोन्हीचे कागद वेगळे आणि ऑफिसंही वेगळी. पाचगणीला टँडम, म्हणजे पायलटसोबत जोडीनं, उडायचं असेल तर तुम्हाला स्वतःला लायसन काही लागत नाही, तिथं कागद बघायचे ते ऑपरेटरचे, राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ ला आलं त्यात पर्यटन संचालनालयाकडं नोंदणीची अट आहे, तेव्हा सरळ म्हणायचं नोंदणी दाखवा, का कू केलं की दुसरीकडं जायचं. तो विषय तिथंच संपतो.

ग्लायडर मात्र केंद्राच्या अखत्यारीत, म्हणजे डीजीसीए, नागरी विमान वाहतुकीचं महासंचालनालय. आपल्याकडच्या माणसाला सगळ्यात जवळचं ठिकाण म्हणजे पुण्यात हडपसरला सासवड रोडवर असलेलं डीजीसीएचं जुनं ग्लायडिंग सेंटर. कराडला वारुंजीची धावपट्टी आहे पण ते इंजिनाच्या विमानाचं काम.

आता तुम्हाला नक्की काय पाहिजे ते घरीच ठरवा, कारण कागद त्यावर ठरतात. नुसतं एकदा बसून बघायचंय, तर ती राइड, पुढं इन्स्ट्रक्टर नाहीतर मागं इन्स्ट्रक्टर, तुम्ही फक्त प्रवासी. त्याला फोटो असलेलं ओळखपत्र, १८ च्या आतला असेल तर आईवडिलांची लेखी संमती, जोखमीच्या फॉर्मवर सही आणि फी, एवढ्यात भागतं. आणि वजन. वजनाचं लोक हसण्यावारी नेतात पण ग्लायडरला तो फार गंभीर विषय आहे, पुढच्या सीटवर किती वजन आहे त्यावर नाक वर राहणार का खाली हे ठरतं. दोन सीटच्या एएसके-२१ ला पुढच्या सीटची मर्यादा ७० ते ११० किलो आहे, त्यात पॅराशूटसुद्धा धरायचं, आणि एकटं उडवताना ७० पेक्षा कमी भरलं तर नाकाकडं वजन लावायला लागतं. तेव्हा फोनवर वजन विचारलं की खरं सांगा, लग्नातलं सांगू नका.

फोन निघायच्या आदल्या दिवशी करायचाच. राइड चालू आहेत का, ट्रेनिंगला जागा आहे का, विंच, म्हणजे ग्लायडर दोरानं ओढून वर सोडणारं यंत्र, ठीक आहे का, इन्स्ट्रक्टर आहेत का, हे विचारल्याशिवाय सांगलीवरनं गाडी काढण्यात अर्थ नाही, कारण यातलं एक जरी नसलं तर त्या दिवशी उड्डाण नाही.

फाल्गुनच का म्हणाल तर पावसाळ्यात माळाची धावपट्टी चिखल होते आणि ढग खाली, तेव्हा उडणं बंदच असतं. थंडी सरली, रब्बी निघाली, रानं मोकळी झाली की जमीन दुपारी तापते आणि गरम हवा वर चढायला लागते, त्याला थर्मल म्हणतात, आपल्या रानात दुपारची वावटळ उठते ना तीच हवा. ग्लायडर त्यात गोल गोल फिरत वर जातो. थर्मल नाही मिळाला तर विंचने वर सोडल्यावर एक चक्कर मारून पाच-सात मिनिटांत खाली. मिळाला तर तासभरसुद्धा. पण नवशिक्याला सकाळची शांत हवाच बरी, दुपारची हवा धक्के देते, म्हणून दोन दिवस राहायच्या तयारीनं जावा.

विंच म्हणजे काय ते बघण्यासारखं असतं. धावपट्टीच्या पार त्या टोकाला इंजिनावर चालणारा मोठा ड्रम, त्याच्यावरनं माळभर पसरलेला दोर, त्याचं टोक ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात. ग्लायडर एका चाकावर उभा म्हणून एक पंख जमिनीला टेकलेला, एक माणूस तो पंख उचलून सरळ धरतो, दोर हळूहळू ताठ होतो, इशारा जातो, तो पंख धरलेला माणूस चार-पाच पावलं पळतो आणि तेवढ्यात ग्लायडर त्याच्या हातातनं सुटून उभाच्या उभा चढायला लागलेला असतो. ३०० मीटरच्या आसपास गेलं की दोर सोडायचा, आणि मग एकदम आवाज बंद. पहिल्यांदा बसणाऱ्याचं पोट जाग्यावर राहत नाही, नाश्ता हलका करा.

आता ज्यांना शिकायचंय त्यांच्यासाठी. यात दोन टप्पे, आधी स्टुडंट पायलट लायसन म्हणजे एसपीएल, मग ग्लायडर पायलट लायसन. वय १६ पूर्ण, शिक्षण दहावी पास, बारावी सायन्सची अट कमर्शियल पायलटला आहे, ग्लायडरला नाही, तेव्हा आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी उगाच माघार घेऊ नये. गंमत बघा, १६ व्या वर्षी पोरगं ग्लायडर एकटं उडवू शकतं पण हडपसरपर्यंत कार बापालाच चालवायला लागते, कारण कारचं लायसन १८ ला.

कागदपत्रं म्हणून जी फाइल करायची त्यात दहावीची मार्कशीट आणि बोर्ड सर्टिफिकेट, जन्मतारखेचा पुरावा, आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइज फोटो आणि सहीचा स्कॅन, मेडिकल. अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर ऑनलाइन, फी भारतकोशवरनं, म्हणजे सरकारी पैसे भरायच्या साइटवरनं. लेखी परीक्षेसाठी डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेचा तुमचा नोंदणी क्रमांक, काढायला लागतो आणि त्याला मार्कशीट खरी असल्याचा बोर्डाचा पडताळणी दाखला मागतात. सातारा आणि सांगली दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात येतात, म्हणजे उडायला पुण्याला आणि दाखल्यासाठी कोल्हापूरला, बरोब्बर उलट्या दिशेला. हे काम ट्रिपच्या आठवड्यात काढू नका.

आणि खरी गोची होते ती नावाची. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. पॅनवर वडिलांचं नाव नुसतं अक्षर. कुठं पाटीलच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त, कुठं दत्तात्रयचा दत्तात्रेय झालेला, मुलींचं तर लग्नानंतर आधार बदललं आणि मार्कशीट माहेरच्या नावाची. नुसता क्रम पुढंमागं असेल तर एकवेळ चालून जातं, पण स्पेलिंग किंवा आडनाव वेगळं असेल तर अर्ज परत येतो. उपाय सरळ आहे, दहावीची मार्कशीट हा पाया धरायचा आणि आधार, पॅन त्याच्याशी जुळवून घ्यायचं, आधारची दुरुस्ती सेवा केंद्रात होते. नाव मुळातच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध केलेली प्रत जोडायची, विवाहाचं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्रही. आणि जन्मतारीख. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली आणि जन्म दाखल्यावर दुसरीच, असे आपल्याकडं घरटी एक. ती तफावत आधी मिटवा, १६ पूर्ण झालेत का नाही हे तारखेवरच ठरतं.

मेडिकल क्लास टू. हे गावातल्या डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट नव्हे, डीजीसीएनं मान्यता दिलेले परीक्षक असतात, यादी त्यांच्या साइटवर आहे, त्यातले पुण्यातले बघून अपॉइंटमेंट घ्या म्हणजे एकाच फेरीत मेडिकल आणि राइड दोन्ही उरकतं. रक्त, लघवी, ईसीजी, कान, डोळे असं सगळं बघतात. चष्मा आहे म्हणून कुणी नापास करत नाही, चष्मा लावून नजर बसली पाहिजे आणि रंग ओळखता आले पाहिजेत. जुनं ऑपरेशन, फिट, दमा, शुगर, बीपीची गोळी, जे असेल ते फॉर्ममध्ये लिहा आणि कागद सोबत न्या, लपवलेलं नंतर निघालं तर फार महागात पडतं.

पुढं एसपीएल मिळाल्यावर इन्स्ट्रक्टरबरोबर उडायचं, त्यांना विश्वास बसला की सोलो, म्हणजे एकट्यानं. प्रत्येक उड्डाण लॉगबुकात, त्यावर इन्स्ट्रक्टरची सही, सही नसलेली ओळ म्हणजे उडालाच नाहीत असं समजा. एसपीएलवर दोस्ताला मागं बसवून फिरवता येत नाही. मग परीक्षा, हवाई नियम, हवामान, नेव्हिगेशन, ग्लायडरची माहिती असे विषय. तासांचं बोलायचं तर इकाओ या आंतरराष्ट्रीय संघटनेचं किमान प्रमाण ६ तास उड्डाण, त्यात २ तास सोलो आणि २० लाँच-लँडिंग असं आहे, आपल्याकडची नेमकी अट विमान नियम १९३७ च्या दुसऱ्या अनुसूचीत असते, ती अर्जाच्या वेळी लागू असलेली वाचून घ्या. ६ तास ऐकायला कमी वाटतात. पण ६ मिनिटांची एक चक्कर धरली तर ६ तासांना ६० लाँच झाले, आणि रांगेत चारजण असतील तर दिवसाला तुमच्या वाट्याला किती येणार याचा हिशोब करा. एका वीकेंडच्या ट्रिपमध्ये लायसन होत नाही. ज्याला मनापासून शिकायचंय त्यानं दिवाळी झाली की कागद सुरू करायचे, दोन-तीन महिने नाव, दाखला, मेडिकल यात जातात, फाल्गुनात फाइल तयार पाहिजे म्हणजे चैत्र-वैशाख उडायला मिळतो.

मध्येच एक सांगतो, सरकारच्या विमान खात्यानं पूर्वी स्वतःच्या डिझाइनचे ग्लायडर बनवले त्यांची नावं रोहिणी, कार्तिक, मृगशीर. आपण पेरणीला नक्षत्र बघतो आणि यांनी उडायला.

रस्ता. सांगलीवाल्यांनी पेठ नाक्याला हायवे धरायचा, मग कराड, तासवडे टोल, सातारा, आणेवाडी टोल, खंबाटकी, खेड-शिवापूर टोल, कात्रज, तिथनं कोंढवा-उंड्रीकडनं हडपसर. शनिवारी सकाळी कात्रजच्या पुढं वेळेचा भरवसा नाही. साताऱ्याहून निघणाऱ्यांना माझं मत विचाराल तर वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी, सासवड आणि दिवे घाट उतरून हडपसर, पालखीचा मार्ग, सासवड रोडवरच पोचता. फास्टॅगचा वार्षिक पास एका ट्रिपसाठी काढू नका, पण शिकायला दर आठवड्याला जाणार असाल तर त्याच्या २०० फेऱ्यांची मर्यादा संपायच्या आतच वसूल होतो. आरसी, विमा, पीयूसी, लायसन डिजिलॉकरमध्ये असलं तरी चालतं. फाल्गुनात अजून उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, बऱ्याच ट्रॉल्यांना मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, म्हणून सांगलीकडं परतताना पेठ नाका ओलांडेपर्यंत उजेड राहील असं निघा.

राहिला विमा. मेडिक्लेम आणि टर्म पॉलिसीच्या अपघात रायडरमध्ये कशाला भरपाई नाही त्याची यादी असते, त्यात साहसी खेळ आणि खासगी उड्डाणाबद्दल काय लिहिलंय ते राइडच्या आधी वाचा. एजंट फोनवर होय सगळं कव्हर आहे म्हणतो, त्याला म्हणायचं कंपनीच्या मेलवरनं लेखी पाठव.