हे तुला कुणी सांगितलं?

आईसलँडमधल्या हाउकादालूर गावचा हात्लूर थोरारिन्सन तीन वर्षांचा असताना त्याचा बाप्तिस्मा झाला होता, आणि तो प्रसंग त्याला शेवटपर्यंत आठवत होता. आईसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट, म्हणजे इ. स. 1000 च्या आसपासची. हात्लूर 94 वर्षं जगला. त्याच्या घरी सातव्या वर्षापासून वाढलेल्या आरी थोर्गिल्सनने पुढे ही आठवण लिहून ठेवली, तीही सांगणाऱ्याच्या नावासकट.

आरीचा काळ 1067 ते 1148. आईसलँडचा त्याने लिहिलेला इतिहास जेमतेम एका पुस्तिकेएवढा आहे. पण जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला साक्षीदार आहे: हे मला काकांनी सांगितलं, हे अमक्या बाईने, ती शहाणी आणि भरवशाची होती. आणि यातलं काही चुकलेलं आढळलं, तर जे जास्त खरं ठरेल तेच धरावं, असं तो सुरुवातीलाच बजावतो. बाराव्या शतकात! एक गमतीशीर नोंदही त्यात आहे. आईसलँडचं वर्ष 364 दिवसांचं होतं, त्यामुळे उन्हाळा हळूहळू मागे सरकू लागला. थोर्स्टाइन सूर्त नावाच्या माणसाच्या ते ध्यानात आलं, आणि आपल्या अधिकमासासारखा तिथे दर सातव्या वर्षी एक जादा आठवडा घालायचं ठरलं.

बेटावर वस्ती सुरू झाली ती 870 च्या सुमारास, असं आरी म्हणतो. हे तपासायचं कसं? तिथल्या बहुतेक जुन्या घरांच्या पायाखाली ज्वालामुखीच्या राखेचा एक थर सापडतो, म्हणजे ती घरं राख पडल्यानंतरची. त्याच राखेचे कण ग्रीनलँडच्या हिमस्तरांत मिळाले. तिथे दर वर्षीचं बर्फ वेगळं मोजता येतं. त्यावरून राखेचं साल आधी 871 निघालं, पुढे सुधारून 877. अडीचशे वर्षांनंतर ऐकीव माहितीवरून लिहिणाऱ्याचा नेम इतका जवळ लागावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

माहिती पारखून घेण्याच्या अशाच सवयीचा दुसरा माणूस सातशे वर्षांनी याच उत्तरेकडच्या समुद्रात होता. विल्यम स्कोर्सबी, इंग्लंडमधल्या व्हिटबीचा, देवमाशांची शिकार करणाऱ्या कप्तानाचा मुलगा. 1811 मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो स्वतः कप्तान झाला. धंदा देवमाशाच्या तेलाचा, पण सुट्टीत एडिंबरा विद्यापीठात शिकून आलेला हा गडी हिमकणांची चित्रं काढी, समुद्राच्या पाण्याचा रंग बदलला की ते सूक्ष्मदर्शकाखाली धरी.

खोल पाण्याचं तापमान मोजायला त्याने आधी लाकडी पिंप सोडून पाहिलं. दाबाने लाकडात पाणी मुरलं आणि बेत फसला. मग झडपा असलेलं पितळी भांडं करवून घेतलं. निष्कर्ष उलटाच निघाला: ग्रीनलँडच्या समुद्रात खालचं पाणी वरच्यापेक्षा उबदार! अटलांटिकमधून येणारं पाणी उबदार असलं तरी जास्त खारं, म्हणून जड. ते ध्रुवाकडच्या थंड, कमी खाऱ्या पाण्याखाली सरकतं.

खलाशांना मात्र वेगळाच प्रयोग आवडे. स्कोर्सबी स्वच्छ बर्फाचा तुकडा कुऱ्हाडीने ओबडधोबड घडवी, सुरीने खरवडी, आणि लोकरी हातमोज्यात धरून तळहाताच्या उबेने गुळगुळीत करी. त्या भिंगातून उन्हाचा झोत पाडून तो खलाशांचे पाइप पेटवून देई. तंबाखू जळतोय आणि बर्फ तसंच घट्ट, हे पाहून ते चक्रावून जात.

1822 मध्ये त्याने ग्रीनलँडच्या पूर्व किनाऱ्याचा मोठा पट्टा नकाशावर आणला. किनाऱ्यावर उतरल्यावर त्याला इन्युइट लोकांची सोडून दिलेली घरं, थडगी, हत्यारं दिसली; माणूस कुणी नाही. आरीच्या पुस्तकातही नेमकं असंच आहे. ग्रीनलँडमध्ये पहिली नॉर्स वस्ती वसवणाऱ्या एरिक द रेडबरोबर तिथे गेलेल्या लोकांना पडकी घरं, कातडी होड्यांचे तुकडे आणि दगडी हत्यारं सापडली होती, आणि त्यावरून आधी इथे कोणते लोक राहून गेले असतील याचा अंदाज त्यांनी बांधला. आरीला ग्रीनलँडच्या वस्तीची हकिकत काकांकडून मिळाली, आणि काकांना एरिकबरोबर गेलेल्याच एका माणसाकडून.

एरिकच्या लोकांच्या ‘पूर्व वस्ती’ नावाच्या वसाहतीचे अवशेष पूर्व किनाऱ्यावर मिळतील, अशी स्कोर्सबीच्या काळी अनेकांची समजूत होती. ती वस्ती प्रत्यक्षात नैऋत्य किनाऱ्यावर होती.